मागच्या जनगणनेतलं गाव

मी सरपंच झाले तेव्हा आमच्या गावात शेतांपेक्षा भाड्याच्या खोल्या जास्त झाल्या होत्या. चाकणच्या कंपन्यांत कामाला आलेली माणसं त्यांत राहतात. आमच्याही घरामागे अशी चाळ आहे आणि घर तिच्या भाड्यावरच चालतं.

चाळींच्या सांडपाण्याला वाट नव्हती. पाणी रस्त्यावर यायचं, मुलं त्यातूनच शाळेला जायची. आमच्या एका खोलीत लातूरकडचं जोडपं राहायचं. नवरा कंपनीत कंत्राटी कामगार. बायको नळावर भेटली की विचारायची, "ताई, गटाराचं काय झालं?" मी "बघते" म्हणायचे. पुढे पुढे मला नळाकडे जायलाच नको वाटायला लागलं.

शेवटी राजगुरुनगरला पंचायत समितीत गेले. तिथल्या साहेबांनी नीट समजावलं. दिल्लीत जमा होणाऱ्या करातला काही वाटा वित्त आयोगाच्या हिशोबानं राज्याला आणि पुढे गावाला मिळतो. तो मुख्यतः लोकसंख्येवर.

"आणि लोकसंख्या धरतात मागच्या जनगणनेची. कागदावर तुमचं गाव अजून छोटंच आहे, मॅडम."

"माणसं तर डोळ्यांना दिसतात, साहेब."

"दिसतात. मोजलेली नाहीत."

पण एक वाट त्यांनीच सांगितली. या निधीतला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करावा लागतो. बंद गटार त्यात बसतं. ग्रामसभेचा ठराव मात्र हवा.

ग्रामसभा तापली. माझे चुलत दीर उठून म्हणाले, "वैनी, पैसा आमच्या डोक्यावं आलाय. त्यास्नी हितं मोजलंच न्हाई. मग गटार पयलं गावठाणात नको व्हय?" बऱ्याच माना हलल्या. लातूरची बाई दाराशी उभी होती, ती बोलायला लागली. तिचं नाव इथल्या मतदार यादीत नव्हतं, म्हणून कुणीतरी तिला गप्प बसवू लागलं. मी म्हटलं, बोलू द्या.

"मला गावाकडं मोजलंय," ती म्हणाली. "माझा वाटा तिकडं जातोय आन् तिकडं घराला कुलूप हाय. साबण, तेल मी इथं घेते, त्याच्यावरचा कर इथंच भरते. सांडपाणी बी इथंच होतंय की."

दिरांच्याही भाड्याच्या खोल्या होत्या. ते म्हणाले, "बरं, पण समदा पैसा तिकडं घालू नगा." निम्मं गावठाण, निम्म्या चाळी, असा ठराव झाला.

गावठाणातलं काम आधी झालं. चाळींकडे पाइप निम्म्यापर्यंत आले आणि आमची मुदत संपली. निवडणूक लांबली, प्रशासक आले. पुढचा हप्ता कधी येईल म्हणून मी साहेबांना फोन केला, तर ते म्हणाले, निवडून आलेलं मंडळ नाही, त्यामुळे हप्ता थांबलाय.

"मग आता मी काय करू?"

"तुम्ही आता पदावर नाही, मॅडम."

ते खरंच होतं. तरी मला घरात बसवेना. दळण आणायला निघायचे आणि पाय पाइप संपतात तिकडे वळायचे. मुलगा चिडायचा, "आई, आता तुला कोण विचारतंय?"

मग नव्या जनगणनेच्या बातम्या यायला लागल्या. मी चाळीत खोलीखोलीतून सांगत फिरले, मोजायला आले की इथंच राहतो म्हणून सांगा. लातूरच्या बाईचा नवरा शिफ्टवरून नुकताच आला होता. त्यानं मला खुर्ची दिली, ऐकून घेतलं.

"ताई, कंत्राट कधी सुटंल काय सांगावं? तिकडं रेशन हाय, मत हाय. तिथलं नाव कटलं तर आमी कुठले?"

जनगणनेनं रेशन तुटत नाही, हे मी त्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली, पण त्याला ते पटलेलं दिसलं नाही. बायको चहा ठेवायला उठली. मी नको म्हटलं आणि शेजारच्या खोलीची कडी वाजवली.