मागच्या दाराची कडी

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर फक्त करमणूक म्हणून वाचत आले, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसलेसुद्धा. मी बारावीच्या मुलांना ऑनलाइन केमिस्ट्री शिकवते. उत्तर बरोबर असलं तरी स्टेप्स नसतील तर मार्क कापणारी बाई. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण दोन वर्षं झाली, उत्तर समोर आहे आणि स्टेप्स काही केल्या सापडत नाहीत.

आम्ही तेव्हा दिल्लीला होतो. मुक्ता पाच वर्षांची, नील नुकताच चालायला लागलेला. दिवाळी झाली की मुक्ताची छाती जी भरायची ती होळीपर्यंत. नेब्युलायझरचा मास्क लावून बसलेलं एवढंसं पोर बघवायचं नाही... डॉक्टर शेवटी म्हणाले, जमत असेल तर हे शहर सोडा, उबदार जागी जा. नवरा, संदीप, घरूनच काम करतो आणि मीही, म्हणजे इंटरनेट असेल तिथे आम्ही राहू शकत होतो. मी अट घातली — गाव लहान हवं, हवा उबदार हवी, आणि राज्याला समुद्र हवा. मनात अर्थातच कोकण होतं, फार तर गोवा. संदीप एक दिवस अगदी गंभीर चेहरा करून म्हणाला, "महाराष्ट्राला समुद्र आहे ना? मग गोंडपिपरी."

गोंडपिपरी चंद्रपूर जिल्ह्यात, अहेरीच्या रस्त्यावर. तिथून समुद्र बघायला निघालात तर अख्खं राज्य ओलांडावं लागेल! पण संदीप मूळचा त्याच भागातला. त्याची मोठी बहीण, शीलाताई, गोंडपिपरीतच राहते. शाळा आहे, दवाखाना आहे, आजूबाजूला सागाचं जंगल, हवा स्वच्छ. जवळचं मूल हे तालुक्याचं गावही आम्ही पाहून आलो. बाजारपेठ छान, पण भातगिरण्यांचा कोंडा हवेत उडतो आणि मुक्ता तिथे अर्ध्या दिवसात खोकायला लागली. जिवती हे आणखी एक गाव, पण ते डोंगरात, हिवाळ्यात गारठा. राहिलं गोंडपिपरी. मी म्हटलं, बघायचंच तर मे महिन्यात राहून बघू. पोरांना तिथला मे झेपला तर पुढचं सगळं झेपेल. माझं सायन्स हे असं.

शीलाताईंनी दारातच कपाळाला हात लावला. "मे महिन्यात कोण येते बापा घर पाह्यले! अवं, इथी आमचे कावळे बी दुपारी बाहेर निंघत नाई."

आल्या आल्या त्यांनी दोन्ही पोरांच्या खिशात एकेक कांदा कोंबला. ऊन लागू नये म्हणून. मी त्यातल्या रसायनांवर छोटंसं लेक्चर दिलं, की याने काहीही होत नाही. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याही पर्समध्ये एक कांदा टाकला.

आठवडाभरात पोरं रुळली. मुक्ताची छाती मोकळी होती. आणि घरही सापडलं. ताईंच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, धनराजभाऊंचं. भाऊंचा मुलगा नागपूरला गेल्यापासून ते घर बंदच होतं. हॉरर सिनेमात कोणी घेणार नाही असं घर — पोपटी रंग, स्लॅबचं छत, स्टीलचं गेट, खिडक्यांना जाळ्या. नळ कोरडे, कारण मोटर काढून ठेवली होती. मधल्या खोलीत आवाज घुमायचा म्हणून मुक्ता तिथे "ओ... ओ..." करत बसली होती. मला घर आवडलं. संदीपला वाटत होतं, आणखी एक-दोन बघू. धनराजभाऊ म्हणाले, "चाबी राहू द्या तुमच्यापाशी, बाई. आरामात पाहा." कुलपाच्या दोन किल्ल्या होत्या. एक मुलाकडे नागपूरला, दुसरी माझ्या पर्समध्ये आली.

त्याच दुपारी ते झालं.

जेवणं झाली. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. ताईंकडे तो पत्र्याचा मोठा कूलर आहे. ज्यांच्याकडे असतो त्यांना माहीत आहे, तो लावला की समोरचं दार जरा उघडं ठेवावं लागतं, नाहीतर खोली दमट होते आणि अंगाला घाम चिकटतो. आणि त्याचा आवाज! शेजारी ट्रक सुरू करून ठेवल्यासारखा. आम्ही सगळे एका ओळीत जमिनीवर झोपलो. दार किलकिलं. मुक्ता माझ्या आणि भिंतीच्या मध्ये.

जाग आली तेव्हा भिंतीकडे हात लांबवला. तिथे फक्त चटई होती.

आधी वाटलं बाथरूमला गेली असेल. मग स्वयंपाकघर, मागचं अंगण, गच्चीचा जिना. मग आवाज द्यायला सुरुवात केली आणि कूलरच्या घरघरीत माझाच आवाज मला ऐकू येईना. मी बटण बंद केलं. घर एकदम गप्प झालं, आणि त्या शांततेत मला कळलं की ती घरात नाही. चपला दाराशी होत्या. म्हणजे अनवाणी गेली होती, त्या डांबरावर.

संदीपने गाडी काढली आणि तो सरळ तलावाकडे गेला. तो तिकडेच का गेला हे मला कळत होतं. तलावाच्या पलीकडे झुडपी जंगल सुरू होतं, आणि त्या बाजूला वाघाचे पंजे दिसल्याचं सकाळीच कोणीतरी चहाच्या टपरीवर सांगत होतं. नीलला शेजारच्या बाईंकडे देऊन मी आणि ताई गल्लीत पळालो. सगळी दारं बंद, प्रत्येक घरातून कूलरची घरघर. दारं वाजवून वाजवून माझे हात लाल झाले. लोक डोक्याला दुपट्टे बांधून बाहेर आले, पण बघितलं कोणीच नव्हतं. या उन्हात बघणार कोण?

मला सारखा तो मास्क आठवत होता. तिचा श्वास वाचवायला आपण इथवर आलो, आणि आपणच तिला या भट्टीत सोडलं... मी रडत नव्हते. भीती एवढी होती की रडू फुटत नव्हतं.

"नव्या घरी तर नाई गेली?" ताई म्हणाल्या. "सकाळी लय खुश होती तिथी."

आम्ही तिकडे गेलो. गेट लोटलेलं. पुढच्या दाराला कुलूप, मी सकाळी लावलं तसंच. मी वळलेसुद्धा. तेवढ्यात ताईंनी माझं मनगट धरलं आणि खाली बोट दाखवलं.

दाराच्या फटीतून पाणी बाहेर आलं होतं. बारीकशी ओली रेघ, उंबऱ्यावरून पायरीवर उतरलेली. त्या उन्हात थेंब पडला तर बघता बघता उडून जातो. ही रेघ ताजी होती. आणि त्या घरात पाणी नव्हतं. सकाळी मी स्वतः सगळे नळ उघडून पाहिले होते.

घरातून पळताना सवयीने पर्स खांद्याला अडकवली होती. ती पायरीवर उपडी करून किल्ली शोधली, पण ती माझ्याने कुलपात जाईना. शेवटी ताईंनी उघडलं.

मधली खोली गार होती. फरशीवर कोणीतरी पाणी शिंपडलेलं, उन्हाळ्यात बायका झोपण्याआधी शिंपडतात तसं. आणि मधोमध मुक्ता झोपली होती. एका कुशीवर, गाढ, तोंड थोडं उघडं. मी तिच्या छातीला कान लावला. श्वास एकदम स्वच्छ, शिट्टी नाही, घरघर नाही. मी तिला उचलून इतकी घट्ट धरली की ती झोपेतच कुरकुरली. तेव्हा कुठे मला रडू आलं.

तिच्या दोन्ही तळपायांना काहीतरी हिरवट, चिकट माखलं होतं. ताईंनी बोटावर घेऊन वास घेतला.

"कैरी हाय," त्या म्हणाल्या. "विस्तवात भाजलेली. हे पाह्य, राख लागून हाय."

ऊन लागलं की इकडे भाजलेल्या कैरीचा गर तळपायांना चोळतात, हे मला ताईंनीच सांगितलं होतं. पण त्यांच्याकडे गॅस आहे, चूल नाही. या घरात तर काडीपेटीसुद्धा नव्हती. मी गर पुसून पाहिला. खाली एकही फोड नाही, साधी लालीही नाही.

"ताई, मागचं दार," मी म्हटलं. तिथूनच कोणीतरी तिला आत आणलं असणार, दुसरा रस्ताच नव्हता.

मागच्या दाराला आतून कडी होती. वरची कडी, जी लावताना सकाळी मी टाचा उंचावल्या होत्या. ताईंनी टाचा उंचावून ती ओढून पाहिली, पक्की बसली होती. मग पदराने तोंड पुसून एवढंच म्हणाल्या, "चाल मृदुला. पोरीले घेऊन चाल इथून."

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं. ताप नाही, अंगातलं पाणी कमी झालेलं नाही. "कैरी कोणी लावली? चांगलं केलं," म्हणाले.

संध्याकाळी मुक्ताला मांडीवर घेऊन विचारलं. तिला तो प्रसंग फार मोठा वाटतच नव्हता. पोपटी घरात जायचं होतं म्हणून निघाली, पाय भाजले म्हणून रडली.

"मग?"

"मग कडेवर घेतलं."

"कोणी?"

तिने खांदे उडवले. बाई की माणूस, म्हातारं की तरुण, किती वेळा विचारलं तरी "माहीत नाही". चेहरा आठवत नाही. बोलणं मात्र आठवत होतं, आणि ते तिने जसंच्या तसं म्हणून दाखवलं — "कुठी फिरून राह्यली वं माय उनात? पाय दे इकडे."

आता मी शंका काढणारच. आठवडाभर ती ताईंचं बोलणं ऐकत होती, तिथून उचललं असेल. मान्य. तिसरी किल्ली कोणाकडे असेल, मान्य. पण ताईंनी घरोघर विचारलं. त्या दिवशी कोणी चूल पेटवली नव्हती, कोणी कैरी भाजली नव्हती. नागपूरहून भाऊंच्या मुलाने त्याच्याकडच्या किल्लीचा फोटो पाठवला. आणि समजा कोणी दयाळू शेजारी होताच, तर चांगलं काम करून लपतं कोण? मी धनराजभाऊंना सरळ विचारलं, त्या घरात कोणी वारलं होतं का, काही वाईट झालं होतं का. ते बिचारे गोंधळले. "नाई बाई. मीच बांधलं. त्याच्या आधी तिथी नुसतं रिकामं आवार होतं. काई म्हणजे काईच नाई." त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की खरं बोलतायत.

खरं भांडण आमच्यात झालं. मला वाटलं होतं संदीप इथलाच, तो मनावर घेणार नाही. झालं उलटंच. तो दोन दिवस धड जेवला नाही. दिल्लीला परत जाऊ म्हणायला लागला. मी म्हटलं, आणि तिच्या छातीचं काय? दिवाळी आली की पुन्हा तो मास्क? कोणीही असेल, आपल्या मुलीला उन्हातून वाचवलं ना? तेव्हा तो त्याच्या बोलीत बोलला. एरवी माझ्याशी तो तसं बोलत नाही.

"वाचवलं, मान्य. पाय थंड केले, मान्य. पण कडी काऊन लावली मंग? सोडायचं होतं तर दार उघडं ठेवलं असतं. तिले ठेवूनच घ्यायचं होतं का?"

हा विचार मला शिवलाच नव्हता. चाबी माझ्यापाशी नसती तर? ती पाण्याची रेघ वाळून गेली असती तर?

रात्रभर नाही, पुढचा अख्खा महिना मी त्या एकाच प्रश्नावर अडकले होते. दिल्लीला परतलो, कामं सुरू झाली, वर्गात रिअ‍ॅक्शन लिहिता लिहिता मी मध्येच थांबायचे. आणि एका दुपारी नीलला झोपवून खोलीबाहेर आले, सवयीने हात वर नेला, आणि दाराची कडी लावली. पोर उठून जिन्याकडे जाऊ नये म्हणून. माझ्या हाताकडे बघतच राहिले मी.

संदीपला बोलावलं आणि कडी दाखवली. "मूल झोपलं की आपण काय करतो?" त्यानंतर त्याने तो प्रश्न कधी काढला नाही.

हे स्पष्टीकरण नाही, मला माहीत आहे. माझ्या विद्यार्थ्याने असं लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं. पाणी कुठून आलं, विस्तव कुठे पेटला, कडी कोणी लावली, आतून लावणारा बाहेर कसा गेला... मला आजही यातलं एकही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर लिहा. फक्त "भास झाला असेल" म्हणू नका, ती कैरी मी माझ्या हाताने पुसली आहे.

दिवाळीच्या आधी आम्ही गोंडपिपरीला आलो. त्याच घरात. ताई रागावल्या, संदीपने दुसरी घरं दाखवली. पण त्या घराने माझ्या पोरीला एकदा सांभाळलं होतं, बाकीच्या घरांबद्दल मला तेवढंही माहीत नव्हतं.

ट्रक दारात उभा होता. संदीप म्हणाला, "अजून वेळ गेलेली नाही, मृदुला. तू सांग." मी एकटी आत गेले. मधल्या खोलीत उभी राहिले आणि स्वतःलाच वेडी म्हणत मोठ्याने बोलले. कोणाशी, ते माहीत नव्हतं, म्हणून अहोजाहो केलं.

"आम्ही राहायला आलोय. पोरं लहान आहेत. माझं लक्ष चुकलं तर तुमचं असू द्या."

काहीही झालं नाही. आवाज तेवढा घुमला. मी डोळे पुसले, बाहेर आले आणि ट्रकवाल्याला म्हटलं, "उतरवा भाऊ सामान."