फॉर्म भरल्याचे पेढे

परीक्षेला बसावं तर माझ्या भाचीनं. बाकीचे लोक परीक्षा देतात आणि मोकळे होतात. ती एकदा जी बसली ती वर्षानुवर्षं बसूनच राहिली. बारावी झाल्यावर ती एक बॅग, स्वतःची उशी आणि जीवशास्त्राची जाडजूड पुस्तकं घेऊन फलटणहून आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये आली. कोथरूडला वर्षभर क्लास करायचा, 'नीट' ही प्रवेशपरीक्षा द्यायची आणि सरकारी कॉलेजात एमबीबीएसला जायचं, असा बेत होता. "वर्षाचा तर प्रश्न आहे, मामा," असं तिनं मला बॅग खाली ठेवता ठेवताच सांगितलं. त्यानंतर आमच्या सोसायटीचा जिना रंगवून झाला, तो रंग उडाला, पुन्हा रंगवून झाला, शेजारच्यांचं रांगतं मूल दप्तर घेऊन शाळेत जायला लागलं, क्लासात तिच्या बाकावर बसणारी मुलं डॉक्टर व्हायला आली, आणि आमची ही दर मे महिन्यात पाण्याची पारदर्शक बाटली घेऊन त्याच उत्साहानं माझ्या स्कूटरवर मागे बसत राहिली. कितव्यांदा, हे मोजणं आम्ही घरात सोडून दिलं होतं. सोसायटीत मात्र मोजणारे होते. पुण्यात असे लोक कधी कमी पडत नाहीत.

निकालानंतर सगळेच पेढे वाटतात. माझी भाची फॉर्म भरल्यावर वाटायची. पहिल्या वर्षी तिची मामी गडबडली. म्हणाली, "अगं, आधी पास तरी हो." त्यावर तिनं शांतपणे सांगितलं, "मामी, निकाल माझ्या हातात नाही. फॉर्म माझ्या हातात होता, तो मी भरला. जे आपल्याकडून झालं त्याचे पेढे." मला त्यात चूक काढता येईना, त्यामुळे प्रथा पडली. फॉर्म भरला की ती खोका घेऊन चौथ्या मजल्यापासून खाली उतरत यायची आणि शेवटी तळमजल्यावरच्या काकांच्या दाराशी थांबायची. हे काका निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यभर मुलांना बाकावर उभं करून करून त्यांची जीभ तेवढी धारदार राहिली होती, बाकी सगळीकडे मधुमेहानं हात फिरवला होता. तिला 'डॉक्टर' म्हणायला सुरुवात त्यांनीच केली, आणि ती काही कौतुकानं नव्हे. "या डॉक्टर! यंदा कुठल्या डेअरीचे?" असं म्हणून ते हात पुढे करत. ती पेढा मोडून अर्धा त्यांच्या तळहातावर ठेवी आणि अर्धा परत खोक्यात टाकी. "अर्ध्या पेढ्याला आशीर्वादही अर्धेच मिळतील हं," काका म्हणत. "चालतील काका. उरलेल्या अर्ध्याचा अभ्यास मी करते," असं म्हणून ती जिना चढून वर येई.

तिच्या लेखी जगातल्या कुठल्याही प्रश्नाला चार पर्याय असायलाच हवेत. "चहा घेणार की कॉफी?" असं विचारलं, की "आणखी दोन सांगा" हे ठरलेलं. शिवाय त्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापतात, तेव्हा खात्री नसेल तर प्रश्न सोडून द्यावा, हे क्लासवाल्यांनी तिच्या अंगात इतकं मुरवलं होतं की ती घरातही प्रश्न सोडायला लागली. मामीनं विचारावं, "आमटीत मीठ बरोबर आहे का गं?" आणि तिनं दोन घास खाऊन, डोळे मिटून, विचार करून म्हणावं, "हा प्रश्न मी सोडते." एका लग्नात आमच्या लांबच्या आत्याबाईंनी तिला गाठलं आणि "आता आम्हाला तुझे लाडू कधी?" म्हणून विचारलं. तिनं खरोखर क्षणभर विचार केला, "आत्या, ह्याला निगेटिव्ह मार्किंग आहे," म्हणाली आणि जिलबी आणायला निघून गेली. आत्याबाईंनी मला खांबाआड ओढलं आणि काळजीनं विचारलं, "पोरीला हे कधीपासून आहे रे?"

माणसाच्या शरीराबद्दल तिला जे माहीत होतं ते सगळं पुस्तकातलं. पण झुरळ आणि बेडूक ही मात्र तिची घरची माणसं. एकदा ओट्यावर झुरळ दिसलं म्हणून मामी किंचाळली. ही हातातलं पुस्तक मिटून आली, झुरळ चिमटीत धरून उलटं केलं, दिव्याखाली नेलं आणि म्हणाली, "नर आहे. हे बघ, शेपटाकडे ह्या बारीक काड्या दिसतात ना? त्या फक्त नराला असतात." मामी चप्पल उगारून तशीच उभी. "मग मी आता काय करू? ओवाळू?" त्या दिवसापासून आमच्या घरात नुसतं झुरळ कधी निघालं नाही, नर तरी निघाला, नाहीतर मादी तरी. फिजिक्सनं मात्र तिच्याशी कधी गोडी केली नाही. त्या विषयाबद्दल ती रुसलेल्या सोयऱ्याबद्दल बोलावं तशी बोलायची. "ह्या टेस्टला फिजिक्स बरं वागलं हं माझ्याशी," असं म्हणत घरात आली की आम्हालाही हायसं वाटायचं. एकदा वारज्याच्या उतारावर माझी स्कूटर घसरली. मी एकीकडे, स्कूटर दुसरीकडे. ही मागून उठली, कपडे झटकले, मला काही मोडलं नाही ना ते चाचपून पाहिलं आणि मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "मामा, ह्या उताराचा कोन किती असेल?" गुडघ्यातून रक्त येत असताना मी तो कोन काढावा अशी तिची खरोखर अपेक्षा होती. पण घरी आल्यावर तिनं ती जखम धुतली, खडीचे कण एकेक करून काढले, तेव्हा तिचा हात इतका हलका होता की मी कळ येण्याची वाट बघत राहिलो आणि ती पट्टी बांधून उठलीसुद्धा. ह्या मुलीला एखाद्या मेडिकल कॉलेजानं आत घ्यायला हवं, असं मला त्या दिवशी फार वाटलं.

परीक्षा केंद्राच्या फाटकावर तर तिचा मान काही औरच. लांब बाह्या चालत नाहीत, बूट चालत नाहीत, अंगावर धातूचा कणही चालत नाही, हे नियम नव्या मुलींना आणि त्यांच्या आयांना ऐनवेळी कळायचे आणि तिथे रडारड व्हायची. आमची ही मामीचे जुने अर्ध्या बाह्यांचे कुडते आणि स्लिपरचे जोड पिशवीत भरून न्यायची आणि अडलेल्या मुलींना द्यायची. "काकू, हिच्या कानातलं काढा, आत्ताच. रडू नकोस गं, पहिल्यांदा आहे ना? सोपा असतो पेपर." ज्यांच्याशी स्पर्धा करायची त्यांनाच ती असं तयार करून आत पाठवायची. मी एकदा तसं बोलून दाखवलं. "मामा, कुडत्यावरून सीट गेली तर काय अर्थ आहे?" असं म्हणून ती पुढच्या मुलीकडे वळली.

आणि तिच्या कुडत्यातल्या मुली पुढे निघून जायच्या. एकदा मामीला तपासून घ्यायला आम्ही दवाखान्यात गेलो, तर रक्तदाब घ्यायला आलेली मुलगी हिच्या पहिल्या वर्षीची क्लासातली मैत्रीण निघाली. गळ्यात स्टेथोस्कोप, अंगात एप्रन. दोघी मिठी मारून हसल्या, भरपूर बोलल्या. परत येताना आम्ही रिक्षा केली. नळस्टॉपच्या सिग्नलला ही म्हणाली, "तिच्या एप्रनला इस्त्री नव्हती, मामा. मला मिळाला ना, तर मी रोज इस्त्री करून घालीन." मामी रिक्षाबाहेर बघायला लागली. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

त्यानंतरच्या दिवाळीत तिचे वडील एसटीनं पुण्याला आले. माणूस अतिशय सरळ. फलटणला त्यांचं वह्यापुस्तकांचं दुकान. चहा संपवला. मग म्हणाले, "दादा, माझ्याच्यानं तिला सांगवत नाही. तुम्ही सांगा. तिचं सगळं वय ह्यात चाललंय." मी गॅलरीत तिच्याजवळ जाऊन बसलो आणि घसा साफ केला. तिनंच विचारलं, "पर्याय काय आहेत?"

"बीएस्सी. नाहीतर फार्मसी. नाहीतर बाबांचं दुकान."

"चौथा?"

"चौथा नाहीये."

"चौथा असतोच, मामा."

आत तिचे वडील कपाच्या कानाशी चाळा करत बसले होते. मी म्हणालो, "बरं. चौथा: आणखी एकदा. पण शेवटचं. ह्यावेळी नाही झालं तर पहिल्या तिन्हींतला एक निवडायचा, आणि तोंड वाकडं करायचं नाही." तिनं एकदा खालच्या पार्किंगकडे बघितलं. मग म्हणाली, "लॉक करा." त्या वर्षी फॉर्म भरल्यावर तिनं पेढे वाटले, पण काकांशी बोलत थांबली नाही. काकांनी मला जिन्यात विचारलं, "आज डॉक्टरांची तब्येत बरी नाही का?"

त्या मे महिन्यात ती पेपर देऊन बाहेर आली आणि आम्ही नेहमीप्रमाणे उसाच्या रसाच्या गाड्यावर थांबलो. दर वर्षी ती रस पिऊन झाल्यावर 'एवढे सोडले' म्हणून सांगायची. यंदा ग्लास हातात धरूनच म्हणाली, "मामा, एकही सोडला नाही."

"म्हणजे सगळे येत होते?"

"नाही. पण आता कुणासाठी सोडायचे?"

आमटीतल्या मिठाचाही धोका न पत्करणारी ती मुलगी! मी माझा ग्लास गाड्यावर ठेवून दिला. तिनं माझाही संपवला.

गुण बरे आले, पण 'बरे' म्हणजे नेमके कुंपणावर बसवणारे. कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना मामी म्हणाली, "पुणं सगळ्यात वर टाक." ती म्हणाली, "टाकते की. पण माझ्या मार्कांना कोण सांगणार?" पहिल्या यादीत नाव नव्हतं. दुसऱ्या यादीतही नव्हतं. तिच्या वडिलांनी फोनवर बीएस्सीच्या प्रवेशाची चौकशी केली, तर ती म्हणाली, "घ्या बाबा माहिती," आणि तोंड अजिबात वाकडं केलं नाही. दिलेला शब्द ती पाळत होती आणि ते आम्हाला बघवत नव्हतं. तिसरी यादी लागली त्या दुपारी ती मामीबरोबर मेथी निवडत बसली होती. फोन वाजला, तिनं एका हातानं उघडून बघितला, परत उपडा ठेवला, आणखी दोन काड्या निवडल्या आणि म्हणाली, "मामी, एवढी मेथी पुरे का? मला सीट मिळालीय." विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावी, सरकारी कॉलेजात. मामीनं तिला मेथीच्या हातांनीच जवळ घेतलं. मी काही रडलो नाही, चष्मा पुसत होतो, असं मी अजूनही सांगतो.

फलटणला फोन करून झाला आणि ती डेअरीवरून खोका घेऊन आली. चौथ्या मजल्यापासून उतरायला लागली. मी मागे होतो. आणि तिथे घोटाळा झाला. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी पेढा घेतला आणि हळहळून म्हणाल्या, "पुन्हा फॉर्म भरलास होय? अगं, ह्या दिवसांतही निघतात का?" तिसऱ्यावर म्हणाले, "चिकाटी आहे हो पोरीची." दुसऱ्यावरच्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन "आता तुम्हीच समजवा" म्हणून सांगितलं. इतकी वर्षं फॉर्मचे पेढे खाल्लेल्या माणसांना पेढ्यांचं दुसरं काही कारण असू शकतं हे सुचतच नव्हतं. ती प्रत्येक दारात "नाही, नाही, खरंच मिळालं" म्हणून हसत होती, आणि तळमजल्यावर पोचेपर्यंत हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. काकांनी दार उघडलं. "पुन्हा? डॉक्टर, आता सरकारची तरी दया करा!"

"काका, मिळालं. एमबीबीएसला. सरकारी."

काका दाराची कडी धरून उभे राहिले.  मग त्यांनी तळहात पुढे केला. "मग आज अख्खा दे."

तिनं पेढा उचलला, मोडला आणि अर्धा त्यांच्या हातावर ठेवला.

"अगं, आज तरी!"

"नाही काका. अर्धाच. आणि आता डॉक्टर नका म्हणू मला. अजून साडेपाच वर्षं आहेत."

काकांनी तो अर्धा पेढा तिथेच उभ्या उभ्या खाल्ला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आशीर्वाद मात्र आज पूर्ण घे," असं म्हणाले, आणि लगेच दार लावून घेतलं.

ती गेली. तिची उशीही गेली. मधूनमधून व्हिडिओ कॉल येतो; परवा ती एप्रनमध्येच होती, आणि तो एप्रन असा चुरगळलेला होता की मामीनं फोनमध्ये हात घालून ओढून सरळ केला असता. आम्ही दोघांनीही त्यावर काही विचारलं नाही. ती कुठल्याशा हाडाचं नाव सांगत होती आणि फार आनंदात होती. आमच्याकडे हल्ली झुरळ निघालं तर नुसतं झुरळ निघतं. मामी आमटी वाढून मिठाचं विचारते, मी "बरोबर आहे" म्हणतो, आणि त्यात काही मजा येत नाही.

मागच्या आठवड्यात पेपरात वाचलं, नीटचे फॉर्म निघाले. मी चपला घातल्या, डेअरीवर गेलो आणि पेढे घेऊन आलो.  तळमजल्यावर काकांचं दार उघडंच होतं. माझ्या हातातला खोका बघून ते म्हणाले, "फॉर्म निघाले वाटतं?" मी खोका पुढे धरला. म्हटलं, "घ्या काका. आज अख्खा घ्या, बघायला कोणी नाही." त्यांनी एक पेढा उचलला, थोडा वेळ तसाच हातात धरला. मग नीट मधोमध मोडला आणि अर्धा खोक्यात परत ठेवला.