शोभेच्या गवताचे ठोंब

आमच्या मखमलाबादच्या घरात गवत या शब्दाचा एकच अर्थ होता, म्हशींचा चारा. त्यामुळे गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका रिसॉर्टमधल्या गवताचं काम मला मिळालंय असं मी सासूबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "किती जनावरं हायेत त्यांच्याकडं?"

"जनावरं नाहीत, आई. शोभेचं गवत आहे. पाहुणे बघतात."

"गवताला बघायला येतात?"

एवढंच बोलून त्या पुन्हा ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या. त्या दिवसांत त्या माझ्याशी एवढं बोलल्या हेही पुष्कळ होतं.

त्याच्या थोडेच महिने आधी त्या गोठ्यात घसरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी हातात आली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता खाली बसायचं नाही, वजन उचलायचं नाही. घरात दोन म्हशी होत्या. माझे यजमान पहाटे भाजीचा टेम्पो घेऊन मार्केटला जायचे, मी नर्सरीत कामाला. म्हशींचं करणार कोण? विकायचं मीच ठरवलं. आणि विकतानाही एक शहाणपणा केला. सासूबाईंना बघवणार नाही म्हणून, त्या यजमानांबरोबर दवाखान्यात टाके दाखवायला गेल्या त्याच दिवशी घेणाऱ्याला बोलावलं. त्या परत आल्या तेव्हा गोठा धुऊन स्वच्छ होता. मी तो मुद्दाम धुतला होता. त्यांनी दारातून आत बघितलं, आणि पुढं दोन वर्षं माझ्याशी चहा, जेवण आणि गोळ्या याच्यापलीकडं बोलल्या नाहीत.

मी आठ वर्षं नर्सरीत काम करत होते. कलमं बांधणं, पिशव्या भरणं, गाड्या आल्या की रोपं उचलून देणं. तिथं येणाऱ्या बंगलेवाल्या बायका मला विचारायच्या, आमच्याकडं येऊन बाग बघाल का? तसं करत करत मी स्वतःची कामं घेऊ लागले. वाडीतल्या तीन बायका माझ्याबरोबर यायच्या. रिसॉर्टचं काम त्यातलं सगळ्यात मोठं. फाटकापासून खोल्यांपर्यंत वाटेच्या दोन्ही बाजूंना गवताची बेटं होती, कमरेएवढी, आणि पावसाळा संपत आला की त्यांना कोल्ह्याच्या शेपटीसारखे गुलाबीसर तुरे यायचे. वाऱ्यावर ते सगळे एकाच अंगाला झुकायचे. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला खरोखर वाटलं, हे बघायला माणसं येतील.

पण त्याची निगा कशी राखायची ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे मी कोणाला सांगितलं नाही. मला मेंदीचं कुंपण छाटता यायचं. तशीच मोठी कात्री घेऊन मी ती बेटं वरून गोल गोल छाटली, लाडवासारखी. मॅनेजरला आवडलीसुद्धा. त्या वर्षी तुरे थोडे आले. पुढच्या वर्षी मी तेच केलं, तेव्हा आलेच नाहीत. बेटांच्या मधोमध टक्कल पडलं. कडेनं थोडी हिरवी पाती आणि मध्ये करडा, कुजका पेंढा.

मॅनेजर तरुण होता, बोलायला सौम्य होता, पण त्यानं सरळ सांगितलं, "ताई, हे काढून टाकू. तिथं पांढरी खडी अंथरू. पाहुण्यांना वाळकं गवत दाखवता येत नाही."

मी त्याच्याकडं महिनाभराची मुदत मागितली. का मागितली, कशाच्या जोरावर, मला सांगता येणार नाही. काम हातचं जाईल ही भीती होतीच, पण मी मारलेलं गवत आहे हे त्याहून जास्त टोचत होतं. त्या संध्याकाळी एक बेट मुळासकट उपटलं, गोणीत घातलं आणि स्कूटरवर पायाशी ठेवून घरी आणलं. नर्सरीच्या मालकाला फोटो पाठवायचा विचार होता.

गोणी अंगणात ओतली तशी ओट्यावरून आवाज आला, "काय आणलं ते?"

"तेच गवत, आई. मेलंय."

"इकडं आण."

मी ते बेट उचलून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी काठी बाजूला ठेवली, वाकून मुळांत बोटं घातली, माती झाडली, एक मूळ मोडून वास घेतला. मग मधला पेंढा अंगठ्यानं दाबला. तो भुसभुशीत होऊन खाली पडला.

"सगळं नाय मेलं. मधून मेलंय. ठोंब म्हातारा झाला हाय." त्यांनी कडेची पाती बाजूला केली. तिथं बोटाएवढे पांढुरके कोंब होते, ते मला दिसलेच नव्हते. "हे बघ. हे जित्तं हाय. बांधावरच्या हत्तीगवताचं आपण काय करतो? फोडून लावतो ना दर तीन वर्सांनी? मग याचं काय येगळं?"

मी वीस वर्षं त्या घरात होते. बांधावरचं हत्तीगवत त्यांना फोडताना मी कितीदा बघितलं होतं. म्हशींचं काम म्हणून मी तिकडं लक्षच दिलं नव्हतं.

"वरून कोणी छाटलं असं?" त्यांनी विचारलं.

"मी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण त्या म्हणाल्या, "उद्या मला ने तिथं."

यजमान नको म्हणाले. स्कूटरवर खुब्याला हिसका बसेल, म्हणाले. मग त्यांनीच मार्केटहून लवकर येऊन टेम्पोत पुढं बसवून आम्हाला नेलं. सासूबाईंनी दोन वर्षं आढ्याला अडकवलेला विळा आदल्या संध्याकाळी स्वतः पाणी टाकून दगडावर घासला होता. प्लास्टिकची एक खुर्चीही बरोबर घेतली.

थंडी सरत आली होती, महाशिवरात्र तोंडावर होती. हीच वेळ, असं त्या म्हणाल्या. ऊन तापायच्या आत मुळं धरली पाहिजेत. वाटेच्या कडेला खुर्चीत बसून त्यांनी आम्हा चौघींना कामाला लावलं. आधी बेटाच्या कमरेला सुतळी घट्ट बांधायची, पेंढी बांधतात तशी, म्हणजे पाती हाताला कापत नाहीत आणि कापल्यावर पसरत नाहीत. मग जमिनीपासून वीतभर ठेवून विळ्यानं एका दमात कापायचं. पहिली पेंढी त्यांनीच कापून दाखवली, खुर्चीत पुढं सरकून, डाव्या हातानं सुतळी धरून. खर्र असा एकच आवाज झाला. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं ते मी दोन वर्षांत बघितलं नव्हतं.

मग पहारीनं सगळ्या बाजूंनी माती सैल करून बेट उचलायचं. हे काम जिवावरचं होतं. मुळं अशी धरून बसली होती की दोघींनी पहारीवर उभं राहावं लागलं. बाहेर आलेलं बेट आम्ही त्यांच्यासमोर ठेवायचो आणि त्या कोयत्याची जागा दाखवायच्या, "इथं मार. आता इथं." मधला मेलेला भाग वेगळा टाकायचा. कडेच्या जित्या भागाचे तुकडे, प्रत्येकाला चार-पाच फुटवे आणि मूठभर मुळं. लावेपर्यंत ते ओल्या गोणपाटाखाली.

दुपारी आम्ही शिरीषाच्या सावलीत भाकरी खाल्ली. बाकीच्या बायका पाणी आणायला नळावर गेल्या होत्या. सासूबाई गोणपाटाकडं बघत होत्या. अचानक म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांदेखत नेल्या असत्या तर बरं झालं असतं."

कोणाबद्दल ते विचारायची गरज नव्हती.

"तुम्हाला त्रास होईल वाटलं, आई."

"व्हायचा तर झालाच असता. पण पाठीवरून हात तरी फिरवला असता. ढेप चारली असती. धाकटी माझ्या हाताबिगर पान्हा सोडत नव्हती. तिला वाटलं असंल, म्हातारी मेली."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. दोन वर्षं मी मनाशी म्हणत होते, मी त्यांच्यासाठीच केलं. त्या क्षणी मला कळलं की मला त्यांचं रडणं बघायचं नव्हतं, म्हणून मी तसं केलं होतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"चुकलंच," त्या म्हणाल्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि काठीनं गोणपाटाकडं खूण केली. "ते सावलीला ओढ. ऊन सरकलं. मुळं सुकतील."

पाच दिवस काम चाललं. एका बेटाचे चार-पाच ठोंब होत होते, त्यामुळे वाट पुन्हा भरून आणखी पुष्कळ उरले. सुतळी लावून ओळीत खड्डे केले, आधी होते तेवढ्याच खोलीवर ठोंब बसवले, पायानं माती दाबली आणि ठिबकच्या नळ्या परत जोडल्या.

शेवटच्या दिवशी मॅनेजर आला. वाटेच्या दोन्ही बाजूंना वीतभर वाळक्या काड्यांचे झुपके उभे होते. आधी निदान गवत तरी दिसत होतं. त्यानं डोक्यावरची टोपी काढून परत घातली.

पुढचे तीन आठवडे मला नीट झोप नाही. रोज सकाळी जाऊन मी वाकून बघायची. काही नाही. करड्या काड्या आणि ओली माती. नळ्या तुंबल्यात का बघ, सासूबाई सांगायच्या. एका टोकाला तुंबल्या होत्याच, तिथले पंधरा-वीस ठोंब गेले. ते मी उपटले तेव्हा हाताला काहीच जोर लागला नाही. घरी येऊन सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आणि बाकीचे? उपटून बघितले?"

"नाही."

"हळू ओढून बघ. येत नसतील तर धरलंय त्यांनी."

दुसऱ्या दिवशी मी एकेक ठोंब चिमटीत धरून हलकेच ओढत गेले. नाही आले. एकही नाही. मी वाटेवरच बसले आणि यजमानांना फोन केला, "आईंना द्या." त्यांना सांगितलं तर पलीकडून त्या म्हणाल्या, "मंग काय सांगत होते मी?" आवाजात हसू होतं.

होळीनंतर पाती फुटली. आधी सुईसारखी, मग अशी भराभर, की चैत्राच्या उन्हात ती एकच वाट हिरवी दिसायची. गेलेल्या ठोंबांच्या जागी आम्ही उरलेले लावले. तरीही जे शिल्लक राहिले ते वाडीतल्या तिघींनी आपापल्या अंगणात नेले. काही सासूबाईंनी आमच्या ओढ्याकडच्या बांधावर लावायला लावले, कारण तिथली माती दर पावसाळ्यात वाहून जायची. त्या भाद्रपदात बांध जागचा हलला नाही.

आणि नवरात्राच्या सुमाराला तुरे आले. त्या सकाळी मी त्यांना घेऊन गेले. वाटेवर मुंबईकडची एक मुलगी फोटो काढत होती, तिनं विचारलं, "आजी, जरा इथं उभ्या राहता? छान येईल." सासूबाई लाजल्या, पण काठी मागं लपवून उभ्या राहिल्या. तुरे त्यांच्या कोपराला लागत होते. त्यांनी एक हातात घेऊन गालाला लावून बघितला.

"गुरांनी खायचं नाय, तर मंग बघायचंच," त्या मला म्हणाल्या. "पण बरं दिसतंय. लय बरं दिसतंय."

आता थंडी सरली की आमच्याकडं फोन येऊ लागतात. यंदा गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यात गेलो होतो. तिथलं गवत डोक्याएवढं, पांढऱ्या तुऱ्यांचं, आमच्या कोणाच्याच ओळखीचं नव्हतं. सासूबाईंनी खुर्ची जवळ ओढायला लावली, पात्याची धार बोटानं बघितली, बुडाशी काठी खुपसली. मालकीणबाई काळजीनं बघत होत्या. सगळं कापून टाकल्यावर त्यांनी विचारलं, "आजी, हे परत येईल ना?"

"पाणी घालशील?"

"घालेन की."

"मंग येईल," असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि उठल्या. "चल, पलीकडचं बघू. ते जरा दांडगं दिसतंय."