महिन्याभरात येते म्हणून गेलेली

ती आमच्याकडे राहायला आली तेव्हा वरच्या खोलीला रंगसुद्धा लावलेला नव्हता. मुंबई-पुण्याच्या जुन्या हायवेवर लोधिवली सोडली की थोडं पुढे आत वळायचं, तिथे आमचं गाव. माझे पती खालापूरच्या बाजूला एका कारखान्यात मेंटेनन्सला होते, मी हायस्कूलमध्ये हिंदी शिकवते. कारखान्यात चीनहून नवी मशिनं आली, ती बसवायला तिकडचेच इंजिनियर आले, आणि त्यांचं बोलणं आमच्या माणसांना समजावून सांगायला ही दुभाषी. पुरुषांची सोय खोपोलीत फ्लॅट घेऊन केली होती. एकट्या मुलीला तिथे कसं ठेवायचं, म्हणून साहेबांनी माझ्या पतींना विचारलं, आणि दिवाळी झाल्यावर ती एक बॅग आणि गरम पाण्याचा थर्मास घेऊन आमच्या दारात उभी राहिली.

हिंदी ती तिकडच्या विद्यापीठात शिकली होती, अगदी पुस्तकातली. पहिल्या संध्याकाळी माझ्या सासूबाईंसमोर हात जोडून म्हणाली, “माताजी, क्या आपने भोजन ग्रहण किया?” सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ही काय पोथी वाचते का गं?” त्यानंतर आठवडाभरात तिची माताजी गेली आणि ‘आई’ आली. मी ताई झाले. सासूबाई तिला बाय म्हणायच्या, तसं त्या वाडीतल्या सगळ्याच पोरींना म्हणत.

आम्हाला मूलबाळ नाही. घरात संध्याकाळी तीन माणसं तीन कोपऱ्यांत बसायची सवय झालेली. ती आल्यावर सगळे स्वयंपाकघरात बसायला लागलो. ती पोळपाटावर कणीक मळून, ओढून ओढून दोऱ्यांसारख्या शेवया करायची, आणि सासूबाई शेजारी बसून म्हणायच्या, “लाटायची सोडून ओढते काय, बाय?” तांदळाची भाकरी तिला थापता आली नाही शेवटपर्यंत, पण सुकट आणि भाकरी ती आमच्यापेक्षा आवडीने खायची. दर्शनी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. तिच्यासमोर ती रोज सकाळी क्षणभर थांबायची, बोलायची काही नाही.

एक गोष्ट मात्र मला सुरुवातीपासून खटकत होती: तिच्या टीमचं कुणी आसपास असलं की ती फार जपून बोलायची. एकदा शाळेतून येताना ती रस्त्यात भेटली, बरोबर त्यांचा टीम लीडर होता. मी सहज म्हटलं, “संध्याकाळी लवकर ये, चहा प्यायला बसू.” तिचा चेहरा एकदम उतरला. लीडरकडे बघून ती काहीतरी भराभर बोलली, तो हसला. घरी आल्यावर मी विचारलं, तर म्हणाली, “काही नाही, ताई.” मग तिने आपला फोन उचलला, तांदळाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं आणि मला म्हणाली, “बांधावर जाऊ या?”

भात कापून झालं होतं, खाचरांत वाल पेरलेला होता. समोर इर्शाळगड स्वच्छ दिसत होता. चालता चालता ती सांगू लागली. त्यांच्याकडे पोलिस एखाद्याला चौकशीला नेतात ना, तेव्हा असं म्हणत नाहीत; चहा प्यायला बोलावलंय म्हणतात. तिला हिंदी शिकवणाऱ्या बाईंना असंच बोलावलं होतं. सरकारला नको असलेल्या एका जुन्या घटनेबद्दल त्यांनी वर्गात दोन वाक्यं सांगितली होती, ती कुणीतरी कळवली. त्या परत आल्या, पण शिकवायला नाही. ग्रंथालयात बसून पुस्तकांवर नंबर चिकटवायच्या. “रस्त्यात भेटल्या तर मी नमस्कार करायचे,” ती म्हणाली, “आणि त्या मला ओळख द्यायच्या नाहीत. मला त्रास होऊ नये म्हणून.”

“पण इथे तुला कोण ऐकतंय?” मी विचारलं.

“लीडर रोज रात्री सगळ्यांना विचारतो, कोण कुणाशी काय बोललं.”

“आणि तू काय सांगतेस?”

“सांगते, आई मला भाकरी शिकवतात. बाकीचं कशाला उगाच?”

तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर ग्रामसभा होती. एका फार्महाऊसवाल्याने ओढ्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर कुंपण घातलं होतं, आणि वाडीतल्या बायकांना धुणं धुवायला मोठा वळसा पडत होता. सासूबाई सभेला निघाल्या, तर ती म्हणाली, मीही येऊ का? सुट्टीचा दिवस होता. ती माझ्या शेजारी, सतरंजीच्या कडेला, ओढणी डोक्यावरून घेऊन बसली.

सरपंच हिशोबाचं वाचत होता. सासूबाई मध्येच उठल्या. त्यांचं वय झालेलं, उभं राहायला माझ्या खांद्याचा आधार घेतला, पण आवाज चांगला खणखणीत होता.

“ते वाच मागनं. आदी सांग, ती पायवाट कुनाची हाय रं?”

सरपंच म्हणाला, “आजी, तो विषय शेवटी घेणार हाय.”

“शेवटी मानसं घरी जातात. तुला मत दिलं ते कुंपन बगायला नाय. तुज्या आईनं बी त्याच वाटनं पानी आनलंय.”

लोक हसले. दोघंतिघं आणखी उठले, आवाज चढले, कुणी कुणाचा बाप काढला, आणि तासाभराच्या गोंधळानंतर कुंपणाबद्दल नोटीस द्यायचं ठरलं. परत येताना सासूबाई पुढे चालत होत्या. तिने माझा हात धरला आणि हळूच विचारलं, “ताई, आता काय होईल?”

“कशाचं?”

“आईंचं. त्या सगळ्यांसमोर बोलल्या.”

“काय होणार? घरी जाऊन पाठ शेकून घेतील. बसून बसून दुखली असेल.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आपण काहीतरी चुकीचं बोललो. मग रात्री जेवताना ती सासूबाईंच्या ताटात वाढतच राहिली. त्या म्हणाल्या, “बास गं, मी का लगनाला आलेय?”

ती पायवाट आम्हाला पूर्ण कधी मिळाली नाही, हेही सांगायला हवं. नोटीस गेली, उत्तर आलं, वर्षभराने कुंपणात एक माणूस जाईल एवढं फाटक झालं. डोक्यावर पाटी असली तर आडवं व्हावं लागतं. आम्ही त्यालाच जिंकलो म्हटलं.

सव्वा वर्ष ती आमच्याकडे राहिली. तिच्या हातची कोवळी लसणाची पात परसात होती, तिची चपला उलट्या ठेवायची सवय होती, आंघोळ झाली की ती कसलंसं गाणं गुणगुणायची आणि आम्ही खाली चाल ऐकून ओळखायचो की आता जिना वाजणार. साथ यायच्या आधीच्या जानेवारीत, त्यांच्या नव्या वर्षाला, सगळी टीम घरी निघाली. तिने छोटी बॅग घेतली. थर्मास, रजई, पावसाळी बूट वरच ठेवले. “आईला भेटून महिन्याभरात येते,” म्हणाली. सासूबाईंनी तिच्या आईसाठी पोह्याचे पापड बांधून दिले.

मग काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. विमानं थांबली, आम्ही घरात बसलो. त्यांच्याकडच्या एका ॲपवर ती बोलायची, कधी फोटो पाठवायची. घराच्या दाराला बाहेरून सील लावलंय असा एक फोटो आला आणि थोड्या वेळाने तिनेच तो काढून टाकला. पुढे सीमेवर त्यांच्या सैन्याशी झटापट होऊन आपले जवान गेले, आणि आपल्या सरकारने ती ॲप्स बंद केली. माझे पती म्हणाले, “बरोबर केलं. आपली पोरं मेली.” मलाही पोरांचं वाईट वाटत होतं. सासूबाईंनी एवढंच विचारलं, “आपल्या बायनं काय केलंय पन?” तिच्या ईमेलवर लिहिलं, उत्तर आलं नाही. कारखान्यात विचारलं, तर कळलं की तिने ती कंपनी सोडली.

सासूबाई गेल्या त्या हिवाळ्यात. आजारपणात मधूनच विचारायच्या, “वर जिना वाजला का गं?” मी म्हणायचे, मांजर असेल.

त्यानंतर दोन-तीन वर्षं वरची खोली आम्ही कुणाला दिली नाही. भाडेकरू बघायला यायचे. मी काहीतरी कारण सांगायचे.

गेल्या वर्षी एका रविवारी मी बिरड्यासाठी वाल सोलत बसले होते, तर परदेशी नंबरवरून फोन आला. मी उचलणार नव्हते. “ताई,” पलीकडून आवाज आला, “आपने भोजन ग्रहण किया?”

आधी ती हसली, मग दोघीही रडलो. तिने आईंचं विचारलं, तेव्हा त्या गेल्याचं मी सांगितलं. ती आता तिच्या देशात नव्हती. कुठे आहे ते विचारू नका म्हणाली. शिकायला म्हणून बाहेर पडली, तिथेच राहिली. तिच्या देशात टाळेबंदीविरुद्ध लोक कोरा कागद हातात धरून रस्त्यावर उभे राहिले होते, तेव्हा ती राहते त्या शहरात काही विद्यार्थी तसेच चौकात जमले. तीही गेली.

“कागदावर काय लिहिलं होतं?”

“काहीच नाही, ताई.”

“मग कुणाला काय कळणार?”

“सगळ्यांना कळतं. म्हणून तर कोरा.”

कुणीतरी तिथे फोटो काढत होतं. आठवड्याभरात तिच्या गावी, हजारो मैलांवर, तिच्या आईच्या घरी दोन माणसं येऊन बसली. ओरडली नाहीत, धमकावलं नाही. फळं घेऊन आली होती. म्हणाली, मुलगी हुशार आहे, परदेशात एकटी आहे, तिला जरा समजवा. नंतर आईचा फोन आला, तेव्हा आई वाचून दाखवल्यासारखं बोलत होती आणि तिच्या मागे कुणीतरी खोकलं. तिचे वडील वारलेत. घरात दुसरं कुणी नाही.

“मग तू काय केलंस?”

“आता जात नाही कुठल्या सभेला. आईशी फक्त जेवणाचं बोलते. काय केलंस, मीठ बरोबर होतं का. दुसरं काही बोलत नाही.”

शाळेत कधी चर्चा निघते, की तो देश असाच वाढत गेला तर जगातल्या लोकशाहीला धोका आहे का. एक सर म्हणतात, आपल्याला काय, आपण मतदान करतो. दुसरे म्हणतात, त्यांची शिस्त बघा, रस्ते बघा. मी आधी ऐकून घ्यायचे. आता सांगते, की फळं घेऊन आलेली ती दोन माणसं दुसऱ्याच देशात राहणाऱ्या एका मुलीला गप्प करून गेली आणि तिथल्या कुणाला पत्ताही नाही. धोका आहे. पण तो सैन्य घेऊनच येईल असं नाही. आमच्या स्टाफच्या ग्रुपवर हल्ली मी काही लिहिते, वाचते आणि पुसून टाकते. मला कुणी काही म्हटलेलं नाही. कशाला उगाच, एवढंच मनात येतं. हे ‘कशाला उगाच’ मी तिच्याकडून ऐकलं होतं, बांधावर. तिला ते कुणी शिकवलं हे तिलाही आठवत नव्हतं.

ती आता अधूनमधून रविवारी फोन करते. मी म्हटलं, आईशी जेवणाचं बोलतेस ना, मग बाकीचं माझ्याशी बोल. ती बोलते. भारतात येणं आत्ता तरी जमणार नाही, व्हिसाचं कठीण आहे, आणि पासपोर्ट संपत आलाय; नवा करायला त्यांच्याच वकिलातीत जावं लागतं. तिथे जायला ती भिते. तिची आई थकत चाललीय. आईच्या घराच्या मागे एक मोठं झाड आहे, त्याला फुलं आली की पायऱ्या पांढऱ्या होतात, असं ती मागच्या वेळी सांगत होती, आणि बोलता बोलता तिच्या भाषेत गेली. मी थांबवलं नाही. एक शब्द कळत नव्हता, पण ऐकत बसले.

मग तिने विचारलं, गावात काय चाललंय. मी म्हटलं, निवडणूक आलीय. टेंपोवर भोंगे लावून दिवसभर डोकं उठवतात, चुलतभाऊ चुलतभावाशी बोलत नाही.

“कोण जिंकणार?”

“काय माहीत.”

“खरंच माहीत नाही?”

“कुणालाच माहीत नाही गं.”

“सांगा ना अजून,” म्हणाली. मग मी सांगत राहिले, कोण कुणाच्या विरोधात उभा आहे, कुणाच्या बायकोने नवऱ्याला मत देणार नाही म्हणून सांगितलंय, कळंबला दिलेल्या माझ्या नणंदेचा मुलगा कुणाचा प्रचार करतोय आणि त्याचा बाप कुणाचा. ती मधूनमधून हसत होती. तिच्या तिकडे ट्राम गेल्यासारखा आवाज आला, घंटा वाजली, कुणी कुणाला हाक मारली. कुठलं शहर ते, मला अजून माहीत नाही.