पिकअपला आणखी एक पाटा

सिंदी मेघेच्या गॅरेजातला मिस्त्री माझ्या पिकअपखालून बाहेर आला आणि म्हणाला, “भाऊ, मागच्या स्प्रिंगच्या कमानीत आणखी एक पाटा टाकू. वजन झेलते.”

मी नाही म्हटलं. आधी एकदा पाटा टाकला होता, तर आमच्या रोहण्यात सगळ्यांना कळलं. माझ्या वांग्यांच्या कॅरेटवर कोणाची पत्ताकोबी चढली, कोणाच्या हिरव्या सांभाराच्या जुड्या. “तुयी गाडी आता मजबूत झाली नं?” गाडीच्या बाजूचे फाळके उंच केले तेव्हाही तेच. गाडीत जागा दिसली की आमच्या गावात कोणी विचारत बसत नाही, कॅरेट ठेवून मोकळे होतात. मी मात्र पहाटेपासून त्यांचा माल वर्ध्याच्या बाजारात उतरवत असतो.

म्हणून या खेपेला फक्त स्वतःची सीट करून घेतली. जाड फोम, कमरेला टेका. पाठ पार गेली होती.

घरी पोचलो तर शेजारचे काका वाटच पाहत होते. सीटवर बसले, दोनदा उसळून पाहिलं आणि खूश झाले.

“बेस काम केलं! आता तुयी पाठ नाई दुखनार. मंग वर्ध्यालेच काऊन थांबाचं? उद्यापासून माल सीधा नागपूरले नेत जाऊ.”