चिठ्ठीत निघालेला खांब

ज्यांचं माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे, ते दिगंबरराव कानडे गेल्या महिन्यात ब्रह्मपुरीला वारले. अहेरीच्या लाकूड डेपोत एका ट्रकवाल्याने सांगितलं, "तुमचे ते आकडेवाले साहेब गेले जी." एवढं बोलून तो लाकडं उतरवू लागला…

आमच्या घरात मी पहिला पदवीधर. चांद्याला आठ महिने अर्ज घेऊन हिंडलो, तेव्हा लाकडाच्या एका कारखान्यात दिगंबररावांनी मला हाताखाली घेतलं. ते कलकत्त्याला संख्याशास्त्र शिकून आले होते. कोळशाच्या खाणीत छताला टेकू म्हणून आमचे खांब जात. ते पारखण्याचं काम त्यांच्याकडे होतं. सगळे खांब मोडून पाहता येत नाहीत, म्हणून प्रत्येकावर गेरूने आकडा घालायचा, चिठ्ठ्या काढायच्या आणि निघतील तेवढेच दाबयंत्रात मोडून त्यावरून सगळा ढीग पास करायचा. मजूर चिडवत, "काऊन जी, चांगले खांब मोडून राह्यले? चुलीले तरी द्या!" दिगंबरराव हसून म्हणत, "निवडायचं नाही, लालसूभाऊ. निवडलं की आपण स्वतःलाच फसवतो."

लालसू मजुरांचा मुकादम, गोंड. पाहुण्यापुढे वाईट वस्तू ठेवायची नाही, ही त्याच्या घरची रीत. एका दुपारी चिठ्ठीतला खांब ढिगाच्या तळाशी निघाला. साहेब ऑफिसात होते. लालसूने वरचाच एक सरळ खांब ओढून यंत्रापाशी आणला.

"तो खालचा चिरलेला हाय बाबू. साहेबाले असा कसा देऊ? लाज वाटते ना."

"पण आकडा?"

"आकडा तूच लिहितं ना? मंग!"

सगळे हसले, मीही हसलो. वहीत चिठ्ठीतला आकडा लिहिला. पुढे ते रोजचंच झालं.

उन्हाळ्यात खाणीतलं छत बसलं. तीन माणसं गेली. मोडलेल्या खांबांवर आमचा गेरू होता. चौकशीच्या आदल्या दिवशी दिगंबररावांनी मला एकदाच विचारलं, "विनायक, चिठ्ठीतलेच खांब होते ना?" मी म्हणालो, "हो साहेब." त्यांनी विश्वास ठेवला. पद्धत माझी, चूक माझी, असं लिहून देऊन ते नोकरी सोडून गेले. जाताना माझ्यासाठी शिफारस केली. त्यांच्या खुर्चीवर मी बसलो.

ब्रह्मपुरीला ते शाळेत गणित शिकवत. एकदा भेटायला गेलो, तर खोलीभर कागद. तीच गणितं, पुन्हा पुन्हा मांडलेली. "कुठे चुकलं तेच सापडत नाही रे… पद्धतच खोटी असेल का?" मी चहा प्यालो आणि मोटारीची वेळ झाली म्हणून उठलो.

ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा कुठे मी पत्र टाकलं. ते पोचलं त्याच्या दोन दिवस आधी ते गेले होते. त्यांच्या पत्नीने पाकीट तसंच परत पाठवलं. सोबत एक ओळ होती, "त्यांच्या नावाचं होतं, म्हणून फोडलं नाही." ते पत्र असं:

"ती. साहेबांस सा. न. वि. वि.

तुमचं गणित चुकलेलं नाही. चिठ्ठीतले खांब आम्ही ढिगातून काढलेच नव्हते. चांगले पाहून दिले आणि वहीत आकडे मी खोटे लिहिले. लालसूला वाटलं, तो तुमचा मान राखतोय. मला मात्र कळत होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा नोकरी जाईल म्हणून हो म्हणालो. आता ते कागद बाजूला ठेवा. त्यांत शोधू नका.

आपला,
विनायक"