छानकाकांचा हिरवा ग्लास

आमची मावशी जन्माची भित्री. बाहेर पडताना कुलूप ओढून बघायची आणि जिना उतरल्यावर पुन्हा वर जाऊन ओढायची. शर्टांच्या कॉलरी शिवून तिने संसार ओढला, पण सुई बोटात शिरेल ही धास्ती अजूनही तिला सोडत नाही.

काका अगदी उलट. जन्मभर ट्रक चालवलेला, शांत माणूस. पुढ्यात करपलेलं ठेवा नाहीतर खारट, खाली मान घालून संपवायचे आणि म्हणायचे, "छान झालंय." आम्ही भाचरं त्यांना छानकाकाच म्हणायचो. मावशी मात्र करवादायची, "माझ्या हाताला चव आहे की नाही, हे या माणसाकडून मला या जन्मी कळायचं नाही!"

काकांची शुगर वाढली आणि मावशीची झोप उडाली. कुणीतरी दुधीचा रस सुचवला. मग रोज सकाळी ती दुधी, काकडी, पालक आणि थोडं आलं मिक्सरला लावायची, फडक्यातून पिळून हिरवागार ग्लास काकांच्या हातात द्यायची. पण त्याआधी दुधीच्या दोन्ही टोकांची चकती स्वतः चावून बघायची. लहानपणी शेजारचा धडधाकट माणूस कडू दुधीच्या रसाने हातचा गेलेला तिने पाहिला होता. त्यामुळे चकती जराशी जरी कडू लागली, तरी अख्खा दुधी केराच्या डब्यात जायचा.

त्या दिवशी तिला सर्दी होती, अंगात कसकस होती. चकती चावली, कडू लागली नाही. रस झाला, काकांनी एका दमात ग्लास रिकामा केला आणि पेपर उघडला. मावशीने स्वतःचा चहा तोंडाला लावला. साखर विसरले वाटतं, म्हणून चमचाभर घातली. तरी फिकाच. आणखी घातली. मग तिच्या मनात काहीतरी आलं आणि तिने मिठाची चिमूट जिभेवर ठेवली. मीठही लागेना. ती तशीच काकांकडे धावली.

"अहो, रस कडू होता का?"

"छान होता."

"खरं सांगा हो, माझी शपथ आहे!"

"अगं, छान होता म्हणतोय ना."

मी वरच्याच मजल्यावर राहते. जिन्यातून तिची हाक आली, तशी हाक मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. धावत खाली गेले, तर तिने चोथ्याचं फडकं माझ्यापुढे धरलं. "नुसती जीभ लाव. गिळू नकोस."

कडूजहर होतं. मी बेसिनवर थुंकले, चूळ भरली. मला काही सांगावंच लागलं नाही, कारण तेवढ्यात बाथरूममधून काकांच्या उलटीचा आवाज आला.

टॅक्सीत ते मावशीच्या खांद्यावर मान टाकून होते. ओठ पांढरे पडले होते. "कडू होता गं," ते पुटपुटले, "पण तू एवढी पहाटे उठून करतेस..." मला त्यांचा असा राग आला की रडूच फुटलं. एक शब्द बोलले असते तर ग्लास अर्ध्यातच थांबला असता!

दवाखान्यात उलटीतून रक्त पडलं, ब्लडप्रेशर पार खाली गेलं. डॉक्टर म्हणाले, "आत्ता काही सांगता येत नाही." बाकावर मावशीने माझं मनगट घट्ट धरलं होतं आणि एकच घोकत होती, "मीच दिला. माझ्या हाताने दिला." आतलं दार उघडलं की ती उभी राहायची, आणि दुसऱ्याच कुणाला हाक मारली की खाली बसायची. मीही घाबरले होते.

दोन दिवस असेच गेले. मग काकांनी डोळे नीट उघडले आणि नर्सने वाटीभर पातळ सूप आणून दिलं. मावशीने चमचा त्यांच्या ओठांना लावला. काकांनी घोट गिळला आणि तोंड वाकडं केलं.

"अगं, यात मीठच नाही."

मावशी हुंदके देऊन रडायला लागली. नर्स धावत आली. काका बिचारे गोंधळले. "चालेल गं, चालेल. छान आहे."

"नाही!" मावशी ओरडली, अख्ख्या वॉर्डाने माना वळवल्या. "छान म्हणायचं नाही. मीठ नाही म्हणा. पुन्हा म्हणा!"